बॅरोनेट: वारशाने येणारा किताब आणि वारशाने येणारे नाव

एका वाचकाने विचारले आहे की सर जमशेटजी जिजीभॉय १८५९ साली वारले, तर त्यानंतरच्या कितीतरी वर्षांच्या कागदपत्रांत हेच नाव हयात व्यक्तीचे म्हणून कसे आढळते. आणि त्यांच्या नावापुढे येणाऱ्या ‘बॅरोनेट’ या शब्दासाठी मराठीत ‘उमराव’ किंवा ‘वतनदार’ म्हटले तर चालेल काय. प्रश्न दोन दिसत असले तरी त्यांचे मूळ एकच आहे, म्हणून आधी शब्दाकडे पाहू.

बॅरोनेट हा ‘बॅरन’ या शब्दाला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून झालेला शब्द आहे. सुपाची सुपली व्हावी, तसा बॅरनचा बॅरोनेट. मात्र या दोन दर्जांमध्ये नुसता लहानमोठेपणाचा फरक नाही. बॅरन हा उमरावांच्या वर्गातला, म्हणजे ज्याला एके काळी त्या दर्जामुळेच ब्रिटिश संसदेतील लॉर्डांच्या सभागृहात बसता येई असा. बंगालचे सत्येंद्रप्रसन्न सिन्हा १९१९ साली बॅरन झाले आणि म्हणून ‘लॉर्ड सिन्हा’ म्हटले गेले. बॅरोनेटला लॉर्ड म्हणत नाहीत, तो उमराव नसतो आणि केवळ या किताबामुळे त्याला त्या सभागृहात जागा मिळत नसे. त्याच्या नावाआधी ‘सर’ लागते, आणि तेवढ्यामुळे तो नाइटसारखा, म्हणजे केवळ स्वतःपुरता ‘सर’ किताब मिळालेल्या माणसासारखा, दिसतो. पण नाइटचे ‘सर’ त्याच्याबरोबर संपते, तर बॅरोनेटचे ‘सर’ त्याच्या वारसाकडे जाते.

या किताबाची सुरुवात उघडउघड पैशाच्या गरजेतून झाली. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाला आयर्लंडमधील अल्स्टर प्रांतात वसाहत टिकवण्यासाठी सैन्य हवे होते. १६११ साली त्याने हा नवा दर्जा निर्माण केला आणि तो घेणाऱ्याने तीस सैनिकांचा तीन वर्षांचा खर्च द्यावा असे ठरवले. प्रत्येक सैनिकाला दिवसाला आठ पेन्स, म्हणजे तिसांचा मिळून रोजचा एक पौंड, आणि तीन वर्षांचे १०९५ पौंड असा तो हिशेब होता. अल्स्टरचे चिन्ह असलेला लाल पंजा बॅरोनेटांच्या मानचिन्हात आला, तोही या उगमामुळेच.

यावरून ‘वतनदार’ हा पर्याय का जुळत नाही हे कळेल. वतन म्हणजे पिढीजात कामगिरी आणि तिच्या मोबदल्यात जमीन किंवा हक्क. पाटीलकी, कुलकर्णीपण, देशमुखी यांमध्ये काम आणि उत्पन्न या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. बॅरोनेटच्या किताबाबरोबर ना गाव येते, ना काम येते, ना महसुलाचा वाटा येतो. त्याच्याशी जवळचे नाते सांगणारे उदाहरण आपल्याकडे वेगळ्या ठिकाणी सापडते: आंग्र्यांचे ‘सरखेल’, गायकवाडांचे ‘सेनाखासखेल’, नागपूरकर भोसल्यांचे ‘सेनासाहेबसुभा’. हे किताब मुळात लष्करी अधिकाराचे होते, पण पुढे ते घराण्याला चिकटले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालले. त्यामुळे मराठीत ‘वंशपरंपरागत किताब’ असे म्हणणे मला सर्वांत योग्य वाटते. ‘पदवी’ हा शब्दही चुकीचा नाही, पण आज तो विद्यापीठाच्या परीक्षेशी इतका जोडला गेला आहे की वाचकाचे मन आधी तिकडेच जाते.

आता जमशेटजींकडे वळू. १७८३ साली मुंबईत जन्मलेले हे व्यापारी १८४२ साली नाइट झाले आणि १८५७ साली बॅरोनेट. दोन्ही मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या निधनानंतर १८६० साली कायदा होऊन असे ठरले की जो कोणी या किताबाचा वारस होईल त्याने आपले स्वतःचे नाव सोडून ‘जमशेटजी जिजीभॉय’ हे नाव धारण करावे. त्यामुळे खरशेटजी हे त्यांचे पुत्र दुसरे बॅरोनेट झाले ते ‘सर जमशेटजी जिजीभॉय’ म्हणूनच, आणि १८७७ साली वारले तेही त्याच नावाने. पुढे माणेकजी, कावसजी, रुस्तमजी हेही किताब मिळताच जमशेटजी झाले. ब्रिटनमधल्या बॅरोनेट घराण्यांत आडनाव पुढे चालते आणि व्यक्तीचे नाव तिचे तिच्याकडे राहते. येथे मात्र संपूर्ण नावच किताबाचा भाग बनले. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट विलक्षण वाटते, कारण आजोबांचे नाव नातवाला देण्याची आपल्याकडची रीत स्वेच्छेची असते आणि ते नाव बारशाला मिळते, तर येथे प्रौढ माणसाला आपले रूढ झालेले नाव कायद्याने बाजूला ठेवावे लागले.

हीच गल्लत पेटिट घराण्याबाबत अधिक होते. कापडगिरण्यांमुळे नावारूपाला आलेले दिनशा माणेकजी पेटिट १८९० साली बॅरोनेट झाले आणि १९०१ साली वारले. त्यांच्यामागून त्यांचा नातू जिजीभॉय फ्रामजी पेटिट किताबाचा वारस झाला आणि तोही ‘सर दिनशा माणेकजी पेटिट’ म्हणवू लागला. १९१८ साली महंमद अली जिना यांच्याशी विवाह केलेल्या रतनबाई या या दुसऱ्या सर दिनशांच्या कन्या; त्यांना गिरण्या उभारणाऱ्या सर दिनशांची मुलगी म्हणणे म्हणजे पणजोबांना वडील करणे होय. म्हणून इतिहासविषयक मराठी लेखनात अशा नावांपुढे ‘पहिले बॅरोनेट’, ‘दुसरे बॅरोनेट’ असा क्रमांक अवश्य द्यावा, आणि वारसाचे मूळ नाव ठाऊक असेल तर तेही द्यावे, असा माझा आग्रह आहे.

याच्याशी लागून आणखी एक शब्द आहे, तो म्हणजे माहीमच्या लेडी जमशेटजी रस्त्यातला ‘लेडी’. ही स्त्री म्हणजे पहिल्या जमशेटजींच्या पत्नी आवाबाई, ज्यांच्या देणगीतून माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा कॉजवे १८४५ साली खुला झाला. तेव्हा जमशेटजी अजून बॅरोनेट झालेले नव्हते, म्हणजे हे ‘लेडी’ नाइटच्या पत्नीचे आहे. इंग्रजी रिवाजाप्रमाणे नाइटच्या काय किंवा बॅरोनेटच्या काय, पत्नीच्या बाबतीत ‘लेडी’ हा शब्द आडनावाला लागतो, म्हणजे तेथे ‘लेडी जिजीभॉय’ झाले असते. मुंबईने तो पतीच्या नावाला लावला, आणि रस्त्याच्या पाटीवर तो तसाच राहिला.