पार्किन्सन्सची गोळी आणि घरात साठलेली ड्रिल मशिन

प्रश्न : माझे यजमान ६२ वर्षांचे आहेत, बँकेतून निवृत्त झालेत. चार वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस. गेल्या वर्षी प्रॅमिपेक्सोलचा डोस वाढवला. थरथर कमी झाली, पण तेव्हापासून लोहार चाळीतून वायरी, दिवे, ड्रिल मशिन आणत सुटलेत. तिसरं ड्रिल अजून खोक्यातच आहे. रात्री दोनलाही मोबाइलवर ऑर्डर चालू. परवा कळलं, मुलीच्या लग्नासाठीची एफडी मोडलीय. विचारलं की चिडतात, खोटं बोलतात. सासूबाई म्हणतात, म्हातारचळ लागलाय. गोळी बंद करू का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, गोळी आपल्या मनाने बंद करू नका. एकदम थांबवली तर अंग आखडतं, घाबरं होतं, दरदरून घाम फुटतो, मन पार खचतं. पण तुमचा संशय मला रास्त वाटतो. डोस वाढला आणि खरेदी सुरू झाली, हा क्रम फार बोलका आहे.

पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागात डोपामिन हे रसायन कमी पडतं. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधं त्याची जागा घेतात. मात्र ‘अजून हवं’ ही ओढ निर्माण करणारा भागही डोपामिनवरच चालतो. तो बराचसा शाबूत असतो, त्यामुळे हालचालीला पुरेसा असलेला डोस त्याला जास्त होतो. २०१० साली अमेरिका-कॅनडातल्या ३,०९० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के लोकांत अशी अनावर ओढ आढळली, न घेणाऱ्यांत सुमारे ७ टक्के. कुणाला खरेदीची, कुणाला जुगाराची, कुणाला खाण्याची, कुणाला शरीरसुखाची. सासूबाईंना हे जरूर सांगा. त्यांचा मुलगा बिघडलेला नाही, आणि खोटं बोलण्यामागे बहुतेकदा लाज असते.

शरीरसुखाच्या ओढीबद्दल बायका बोलतच नाहीत. माझ्या ओपीडीत नवरा बाहेर गेला की पर्सची चेन उघड-बंद करत थांबतात आणि मी विचारलं तरच सांगतात. तुमच्याकडे तसं काही असेल तर संकोच करू नका. न्यूरोलॉजिस्टना सगळं कळलं, तरच ते ही गोळी हळूहळू उतरवून लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या दुसऱ्या औषधाचं प्रमाण बसवू शकतील. डोस उतरला की बऱ्याच जणांची ओढ काही आठवड्यांत-महिन्यांत ओसरते. थरथर थोडी वाढेल, त्याची तयारी ठेवा.

तोवर पैसा सांभाळायला हवा. उरलेल्या एफडी दोघांच्या सहीशिवाय मोडता येणार नाहीत अशा करून घ्या, यूपीआयची मर्यादा कमी करा, मोबाइलमधून कार्ड काढून टाका. हे त्यांच्याशी बोलून करा, चोरून नको, आणि मुलांसमोर तर मुळीच नको. ज्याने हजारोंची खाती सांभाळली त्याच्या हातून पासबुक काढून घेणं फार लागतं.

आपल्या मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीचे आधारगट चालतात. घरच्यांनीही तिथे जावं असं मला मनापासून वाटतं.

पुढची अपॉइंटमेंट लांब असेल तर फोन करून याच आठवड्यातली वेळ मागा. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि बँकेचं स्टेटमेंट सोबत न्या. कर्ज देणाऱ्या एखाद्या ॲपवरून उचल घेतली आहे का, तेही त्यात पाहून ठेवा.