छातीवरचा वण : झाकावा, दाखवावा की सांगावा?

हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर छातीवर राहणाऱ्या वणाविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळच्या सदरासाठी निवडली आहेत. ओळख पटू नये म्हणून पत्रलेखकांचे तपशील कमी केले आहेत.

प्रश्न : माझे वय २६ आहे. लहानपणी सांधे सुजून ताप येत असे. त्यातून पुढे हृदयाची मिट्रल झडप खराब झाली आणि दोन वर्षांपूर्वी छाती उघडून धातूची झडप बसवावी लागली. आता मी नोकरी करते, जिना चढताना दम लागत नाही. पण गळ्याखाली दोन बोटांपासून पोटाच्या वरपर्यंत जाड, काळपट लाल वण आहे. तो खाजतो आणि वरच्या टोकाला पसरत चालला आहे. घरात लग्नाची बोलणी सुरू आहेत. आईने सगळे ब्लाऊज बंद गळ्याचे शिवून घेतले आहेत. मावशी म्हणते, लग्न होईपर्यंत कुणाला काही सांगू नकोस, वण दिसलाच तर भाजले होते म्हणून सांग. मला आरशासमोर उभे राहवत नाही. प्लास्टिक सर्जरीने वण काढून टाकता येईल का? त्यावर टॅटू काढला तर चालेल का?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक वणाचा आहे आणि दुसरा झडपेचा. मावशींचा सल्ला या दोन्हींना एकच समजून दिलेला आहे, म्हणून तो चुकीचा आहे. आधी वणाचे पाहू.

हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी छातीचे मधले हाड उभे कापावे लागते आणि काम झाल्यावर ते स्टीलच्या तारांनी पुन्हा जोडले जाते. हाड साधारण दोन ते तीन महिन्यांत सांधते, त्वचेवरचा वण स्थिरावण्यास मात्र वर्ष-दीड वर्ष लागते, आणि तोपर्यंत वण लालसर व उंचट असणे स्वाभाविक असते. छातीच्या मध्यभागी ही प्रक्रिया बिघडण्याचा संभव शरीराच्या इतर भागांपेक्षा जास्त असतो, कारण तेथील त्वचा श्वासागणिक आणि हातांच्या प्रत्येक हालचालीबरोबर ताणली जाते, शिवाय गडद वर्णाच्या त्वचेत ही प्रवृत्ती मुळातच अधिक आढळते. वण जाड झाला पण मूळ छेदाच्या हद्दीत राहिला, तर काळाबरोबर तो बसण्याची शक्यता असते. हद्द ओलांडून शेजारच्या निरोगी त्वचेवर पसरू लागला, तर त्याला केलॉइड म्हणतात आणि तो सहसा आपोआप बसत नाही. तुमचे वर्णन दुसऱ्या प्रकाराकडे झुकणारे आहे, परंतु प्रत्यक्ष तपासल्याशिवाय तसे ठामपणे म्हणता येणार नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

केलॉइड नुसता कापून काढला तर तो बहुतेक वेळा परत येतो, कधी कधी आधीपेक्षा मोठा होऊन येतो. त्यामुळे 'काढून टाकणे' हा शब्द तूर्त बाजूला ठेवावा. सर्वाधिक वापरला जाणारा उपाय म्हणजे वणाच्या आत काही आठवड्यांच्या अंतराने दिली जाणारी स्टेरॉइडची इंजेक्शने. ती दुखतात, हे आधीच सांगितलेले बरे. त्यांनी खाज सहसा लवकर थांबते, उंची सावकाश उतरते. जोडीला सिलिकॉनची पट्टी दिवसाचे किमान बारा तास, अशी निदान तीन महिने लावतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पट्टीखाली घामोळे येते, म्हणून ती रोज काढून पट्टी व त्वचा दोन्ही धुवावी आणि ज्यांना दिवसा पट्टी सहन होत नाही त्यांनी त्याऐवजी सिलिकॉन जेल वापरण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. या सगळ्यातून वण सपाट व फिकट होईल, नाहीसा होणार नाही. ज्या जाहिराती नाहीसा करण्याचे वचन देतात, त्यांच्यापासून दूर राहावे. लिंबू, टूथपेस्ट किंवा दुकानदाराने हातात ठेवलेले 'मिक्स' क्रीम यांपैकी काहीही त्यावर चोळू नये.

तुम्ही रक्त पातळ करणारी गोळी घेत असणार, आणि ही गोष्ट त्वचारोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगितली पाहिजे. आय.एन.आर.चा, म्हणजे रक्त गोठण्यास किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या तपासणीचा, ताजा अहवाल सोबत न्यावा. इंजेक्शनसाठी म्हणून ती गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नये, कारण धातूच्या झडपेवर गुठळी होऊन झडप अडकली तर जिवावर बेतते. वणासाठी तेवढी किंमत मोजण्याचे काहीच कारण नाही.

टॅटू काढू नये. सुईवाटे जंतू रक्तात गेल्यास ते कृत्रिम झडपेवर ठाण मांडतात आणि तो संसर्ग अत्यंत गंभीर असतो. शिवाय केलॉइडची प्रवृत्ती असलेल्या त्वचेवर टॅटूच्या रेघांवरही गाठी उठू शकतात.

ब्लाऊजच्या गळ्याविषयी माझे काहीच मत नाही. बंद गळा तुम्हाला आवडत असेल तर खुशाल घालावा. आईने ठरवला म्हणून कपाटातले सगळेच बदलावे लागावे, हे मात्र मला योग्य वाटत नाही. एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. स्तनांचा भार वणाला दोन्ही बाजूंनी ओढतो, म्हणून तार नसलेली, नीट आधार देणारी ब्रा वापरल्यास ताण आणि खाज दोन्ही कमी होतात. पुढे आखूड मंगळसूत्र घातल्यास त्याच्या वाट्या नेमक्या वणाच्या वरच्या टोकावर घासतील. लांब मंगळसूत्र घेतले की तो प्रश्न उरत नाही.

आता झडपेचे. तुम्हाला रोज गोळी घ्यायची आहे, ठरावीक काळाने रक्त तपासायचे आहे, लहानपणीचा तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून कदाचित दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शनही चालू असेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गरोदरपणाचे नियोजन दिवस राहण्याच्या आधीच हृदयरोगतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांच्या सल्ल्याने करावे लागेल, कारण रक्त पातळ करणाऱ्या या प्रकारच्या गोळ्या पहिल्या तीन महिन्यांत गर्भाला अपाय करू शकतात आणि पर्यायी औषधाविना त्या बंद केल्या तर धोका तुम्हाला असतो. ज्या माणसाबरोबर मूल कधी होऊ द्यायचे हे ठरवायचे, त्याला ही माहिती लग्नानंतर अपघाताने कळणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे आणि तुमच्यासाठी धोक्याचे आहे. मावशींची भाजल्याची कथा टिकवायची तर रोजची गोळी लपवावी लागेल, आणि लपवलेली गोळी एक ना एक दिवस चुकते. शांत खोलीत धातूच्या झडपेची टिकटिक शेजारच्यालाही ऐकू येऊ शकते, हेही मावशींच्या कानावर घालावे.

म्हणून सुपारी फुटण्यापूर्वी सांगावे. कांदेपोह्यांच्या पहिल्या कार्यक्रमात, दहा माणसांसमोर सांगण्याची गरज नाही. दोन्ही घरांकडून होकाराची चिन्हे दिसू लागली की मुलाशी स्वतः बोलावे. "माझी हृदयाची झडप बदललेली आहे, मी बरी आहे, रोज एक गोळी घ्यावी लागते आणि मुलाबाळांचा विचार डॉक्टरांना विचारून करावा लागेल," एवढे पुरे आहे. त्याला शंका असतील तर तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या पुढच्या भेटीला सोबत बोलवावे. काही स्थळे यामुळे परत जातील. ते दुखेल, हे मी नाकारत नाही. वण दाखवण्याचे बंधन मात्र तुमच्यावर नाही. मुलाकडच्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईंनी "बघू तरी किती आहे" म्हटले, तर नम्रपणे नकार देण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आरशाची घाई करू नये. जखम पूर्ण भरलेली आहे, तेव्हा रात्री बोटाला थोडे खोबरेल तेल घेऊन वणावर हलक्या हाताने मालिश करावे. आधी हाताला त्याची सवय होऊ द्यावी, डोळ्यांना मागाहून होते. मोठ्या हृदयशस्त्रक्रियेनंतर मन खचणे ही नेहमी आढळणारी बाब आहे, आणि झोप उडणे, जेवण नकोसे होणे, लोकांत मिसळणे टाळणे हे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल तर समुपदेशकांची किंवा मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी.

प्रश्न : मी ६३ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. आठ महिन्यांपूर्वी बायपास झाली. श्रावणात वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेलो. गाभाऱ्यात जाण्यासाठी पुरुषांना सदरा-बनियन काढावे लागते. रांगेतल्या चार अनोळखी लोकांनी "काय झालं होतं?", "किती खर्च आला?" असे विचारले आणि मी दर्शन न घेताच बाहेर आलो. पूर्वी रोज पोहायला जात असे, तेही आता बंद आहे. पायावरही घोट्यापासून गुडघ्यापर्यंत खूण आहे. पत्नी म्हणते, या वयात तुमच्याकडे कोण बघतंय? मला हे सांगायलाही संकोच वाटतो.

उत्तर : पुरुषांना असा संकोच वाटत नाही, हा गैरसमज आहे. ते बोलत नाहीत, एवढेच. आपल्या पत्नींचा हेतू धीर देण्याचा असला, तरी 'या वयात' हे शब्द आपल्याला लागले असावेत असे पत्रावरून वाटते, आणि तसे त्यांना सांगायला हरकत नाही.

रांगेत प्रश्न विचारणाऱ्यांपैकी काही जण निव्वळ चौकस असतात. परंतु खर्च विचारणारा माणूस पुष्कळदा वेगळ्या कारणाने विचारतो. त्याच्या घरी कुणाला तरी बायपास सांगितलेली असते आणि समोर चालताबोलता, बरा झालेला माणूस त्याला पहिल्यांदाच दिसत असतो. ज्या दिवशी मन असेल त्या दिवशी त्याच्याशी बोलावे. एरवी "बायपास झाली, आता ठणठणीत आहे" एवढे म्हणून पुढे सरकावे. खर्चाचा आकडा सांगण्यास आपण बांधील नाही.

पायावरची खूण हृदयासाठी शीर काढून घेतल्याची आहे. घोट्याजवळ संध्याकाळी थोडी सूज येणे आणि पायाच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहणे हे त्याबरोबर येऊ शकते. सूज वाढत असेल किंवा पोटरी दुखत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. पोहण्याबाबत सांगायचे तर आठ महिन्यांत हाड सांधलेले असते. जखमा पूर्ण कोरड्या असतील, खोकताना छातीत हाड सरकल्यासारखे किंवा कटकट वाजल्यासारखे वाटत नसेल आणि आपल्या हृदयरोगतज्ज्ञांची संमती असेल, तर तलावावर जावे. सुरुवातीला सावकाश पोहावे आणि एकटे जाऊ नये. उघड्या अंगाचा संकोच वाटत असेल तर पोहण्यासाठीचा अर्ध्या बाह्यांचा घट्ट शर्ट मिळतो. तो उन्हापासूनही वणाचे रक्षण करतो, कारण नवा वण उन्हाने अधिक काळवंडतो. काही दिवसांनी तो शर्ट घरी विसरलात तरी परत फिरू नये.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. दोन वर्षांचा असताना त्याच्या हृदयातील छिद्र बंद करण्याचे ऑपरेशन झाले. आता वर्गातली मुले त्याला 'चेन' म्हणून चिडवतात. स्नेहसंमेलनातील कोळीनृत्यात भाग घ्यायला तो नाही म्हणतो, कारण त्यात बंडी घालावी लागते. दुसरे असे, की माझ्या बहिणीच्या मुलीला आता असेच ऑपरेशन सांगितले आहे. तिला वण टाळता येईल का?

उत्तर : मुलाला चिडवणाऱ्यांना देण्यासाठी एक वाक्य हवे आहे, आणि ते त्याने स्वतः निवडलेले असावे. "माझ्या हृदयाला छिद्र होते, डॉक्टरांनी ते बंद केले" हे नऊ वर्षांच्या मुलाला पुरेसे आहे. पुष्कळ मुलांना आपल्या ऑपरेशनविषयी नीट सांगितलेलेच नसते, म्हणून आधी घरी त्याला कागदावर हृदयाचे चित्र काढून सर्व समजावून द्यावे. वर्गशिक्षिकांना भेटून टोपणनाव थांबवण्याची विनंती करावी, मात्र त्याच्याविषयी संपूर्ण वर्गासमोर भाषण होऊ नये असेही त्यांना सांगावे. नृत्यात भाग घ्यायचा की नाही हे त्याच्यावर सोपवावे. बंडीच्या आत गळ्यापर्यंतचा टी-शर्ट घालून नाचण्यात काही बिघडत नाही, एवढे फक्त सुचवावे. आणि आपण स्वतः त्याच्या शर्टाचे वरचे बटण दर वेळी लावून देत असाल, तर ते थांबवावे.

भाचीच्या बाबतीत छिद्र कोठे आहे यावर सर्व अवलंबून आहे. वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याच्या मध्यभागी छिद्र असेल आणि त्याच्या कडा पुरेशा असतील, तर जांघेतील शिरेतून नळी घालून छत्रीसारख्या उपकरणाने ते बंद करता येते आणि छातीवर छेद घ्यावा लागत नाही. ते शक्य नसल्यास काही ठिकाणी उजव्या काखेखालून शस्त्रक्रिया करतात. छातीच्या पुढच्या बाजूने स्तनाखाली छेद घेण्याचे सुचवले गेल्यास वाढत्या वयात स्तनाच्या वाढीवर त्याचा परिणाम होईल का, हे स्पष्ट विचारावे. मधोमध छेद घेणे अटळ असले तरी तो गळ्यापासून थोडा खाली सुरू करता येईल का आणि लहान ठेवता येईल का, हेही विचारता येते. अनुभवी सर्जन या प्रश्नाने नाराज होत नाहीत. हृदय नीट दिसण्यासाठी मोठाच छेद हवा असे त्यांनी सांगितले, तर त्यांचे ऐकावे. ही चौकशी शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री न करता पहिल्याच भेटीत करावी, म्हणजे दुसऱ्या केंद्रात दाखवायचे झाल्यास वेळ हाताशी राहील.