‘केसरी’ हे १८८१ पासून चालत आलेले मराठी दैनिक आहे, हे विधान कितपत खरे आहे?

आपल्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. केसरी १८८१ पासून आजतागायत त्याच नावाने पुण्यातून निघतो आहे, हे खरे आहे. परंतु तो तेव्हापासून दैनिक आहे हे खरे नाही. ४ जानेवारी १८८१ रोजी, मंगळवारी, निघालेला पहिला अंक साप्ताहिकाचा होता. १९२९ पासून केसरी आठवड्यातून दोनदा निघू लागला, पुढे तीनदा, आणि दैनिक झाला तो थेट १९६२ मध्ये. म्हणजे ज्या केसरीचे नाव आपण इतिहासाच्या पुस्तकांत वाचतो, ज्याच्यावर राजद्रोहाचे खटले झाले, तो केसरी दैनिक कधीच नव्हता. माझ्या मते हा केवळ तारखांचा तपशील नसून केसरीचा उत्कर्ष आणि त्याची पुढची पीछेहाट या दोहोंचा उलगडा बऱ्याच अंशी यातूनच होतो.

आरंभ थोडक्यात सांगतो. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, वामन शिवराम आपटे, नामजोशी आदी मंडळींनी न्यू इंग्लिश स्कूलपाठोपाठ ही दोन पत्रे काढली: इंग्रजी ‘मराठा’ २ जानेवारीला आणि मराठी ‘केसरी’ त्यानंतर दोन दिवसांनी. छपाई त्यांच्याच आर्यभूषण छापखान्यात होत असे. पत्राच्या उद्देशाविषयी या मंडळींनी जे लिहिले, त्यात रस्त्यावरचे रात्रीचे दिवे आणि पोलिसांची गस्त यांचा जो उपयोग, तोच वर्तमानपत्रकर्त्याची लेखणी सतत चालू असण्याचा, अशा अर्थाचे एक वाक्य आहे. सरकारी अधिकारी आपली कामे कशी करतात यावर भीड न ठेवता लिहावयाचे, असा त्याचा रोख होता. बातम्या पुरविण्यापेक्षा पाळत ठेवणे आणि मत देणे हे काम या पत्राने पहिल्या दिवसापासून आपले मानले होते.

त्याची किंमतही लगेच मोजावी लागली. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्यावरील मजकुराबद्दल अब्रुनुकसानीचा खटला होऊन १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर या दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात काढले. पहिले संपादक आगरकर होते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात नसते. राजकीय सुधारणा आधी की सामाजिक, या वादातून ते १८८७ मध्ये बाहेर पडले, पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला आणि केसरी टिळकांच्या हाती आला.

आता साप्ताहिकाचा मुद्दा. बिहारमध्ये मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांनी टाकलेला बॉम्ब ३० एप्रिल १९०८ रोजी फुटला आणि ज्या लेखांवरून टिळकांवर खटला झाला त्यांपैकी ‘देशाचे दुर्दैव’ हा अग्रलेख १२ मे रोजी, तर ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा ९ जून रोजी प्रसिद्ध झाला. दोन्ही दिवस मंगळवारच. बॉम्ब फुटल्याची बातमी तोपर्यंत शिळी झालेली होती आणि ती कळावी म्हणून कोणी केसरीची वाट पाहत नव्हते. त्या घटनेचा अर्थ काय लावायचा, हे पाहण्यासाठी वाट पाहत होते. दैनिकाच्या संपादकाला रात्री फर्मा (छपाईसाठी जुळवलेली पाने) मशिनवर चढण्याआधी जे सुचेल ते लिहावे लागते, तर केसरीच्या संपादकाला मजकूर घोळवायला, कायद्याच्या चौकटीत शब्द तोलायला दिवस मिळत. वाचकालाही तो अग्रलेख आठवडाभर पुरे. गावात एखाद-दुसरा वर्गणीदार असे आणि अंक हातोहात फिरून चावडीवर किंवा देवळात मोठ्याने वाचला जाई, ही पद्धत दैनिकाला मानवणारी नव्हती. केसरीचे जुने अग्रलेख वाचताना जाणवते की ती वाक्येच मोठ्याने वाचण्याजोगी आहेत: प्रश्न विचारायचा, प्रतिपक्षाचे म्हणणे मांडायचे आणि मग एखाद्या म्हणीने ते उलटवायचे. १८९७ मधील ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हे शीर्षक आजही ऐकणाऱ्याला उद्देशून उच्चारल्यासारखेच वाटते.

अग्रलेखाखाली नाव नसे, म्हणून जबाबदारी संपादकाची. १८९७ मध्ये टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली आणि १९०८ मध्ये ज्यूरीने सात विरुद्ध दोन अशा मतांनी दोषी ठरविल्यावर सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा, जी त्यांनी मंडालेला भोगली. या काळात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आणि न. चिं. केळकर यांनी पत्र चालू ठेवले. संपादक तुरुंगात असूनही पत्र निघत राहिले, हे केसरीच्या टिकण्याचे पहिले मोठे कारण मला वाटते. दुसरे कारण मालकीचे. टिळकांनी गायकवाड वाडा विकत घेतला, पत्राला हक्काची जागा मिळाली आणि त्यांच्या निधनानंतर सर्व व्यवस्था विश्वस्तांकडे गेली.

दरम्यान मराठीत दैनिके उभी राहत होती. १८४९ मध्ये निघालेला पुण्याचाच ‘ज्ञानप्रकाश’ १९०४ मध्ये दैनिक झाला. खाडिलकरांनी केसरीतून बाहेर पडल्यावर १९२३ मध्ये मुंबईत ‘नवाकाळ’ हे दैनिक काढले. मात्र खरा पालट १ जानेवारी १९३२ रोजी झाला, जेव्हा अमेरिकेत शिकून आलेल्या नानासाहेब परुळेकरांनी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला. गावोगावचे बातमीदार, बाजारभाव, नगरपालिकेच्या तक्रारी, छायाचित्रे, सोपी भाषा हा सगळा ऐवज केसरीच्या वाचकाला तोवर दुय्यम वाटत होता, पण रोजच्या जगण्याला तोच लागतो हे परुळेकरांनी ओळखले. त्याच शहरात, जवळपास त्याच पेठांत, केसरी दैनिक व्हायला आणखी तीस वर्षे थांबला. ज्ञानप्रकाशाचे उदाहरण पाहता केवळ आधी दैनिक होऊन भागत नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात ते पत्र बंद पडले.

१९६२ मधले रूपांतर लोकमान्यांचे नातू जयंतराव टिळक यांच्या काळातले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातून आलेले, पुढे विधान परिषदेचे सभापती झालेले हे गृहस्थ. त्यांनी केसरीला रोजच्या बातम्यांच्या शर्यतीत आणले. तोपर्यंत पुण्यात सकाळची मुळे घट्ट रुजली होती, मुंबईत ‘लोकसत्ता’ चौदा वर्षांचा झाला होता आणि त्याच १९६२ मध्ये ‘महाराष्ट्र टाइम्स’ निघाला. उशिरा आलेल्याला जाहिराती आणि वितरण या दोन्ही बाबतींत उरलेसुरले मिळते. केसरीचा मान राहिला. खपाच्या बाबतीत तो पुढच्या रांगेत पुन्हा आला नाही.

तेव्हा आपल्याला हे वाक्य कुठे लिहायचे असल्यास ‘१८८१ मध्ये साप्ताहिक म्हणून सुरू झालेले आणि १९६२ पासून दैनिक असलेले पत्र’ असे लिहावे. आणि जुना केसरी प्रत्यक्ष वाचायचा असेल, तर आरंभ १९०८ च्या खटल्यापासून न करता १८९६-९७ च्या दुष्काळ आणि प्लेगच्या महिन्यांपासून करावा. फॅमिन कोडप्रमाणे, म्हणजे सरकारच्या दुष्काळविषयक नियमांप्रमाणे, रयतेला कोणत्या सवलती मिळायला हव्यात, सारावसुली कुठे तहकूब व्हायला हवी, असे अगदी व्यवहाराचे लेखन त्यात सापडते, आणि शेतकऱ्यांपर्यंत हे पत्र कसे पोहोचले याचा अंदाज खटल्यांच्या हकिगतींपेक्षा तिथे अधिक नीट येतो.