सीझनमध्ये माणूस घरी नसतो तेव्हा

डिसेंबर लागला की माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या बायकांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास असतो. सगळ्यांची माणसं सुट्टीला घरी येतात, आमचं माणूस नेमकं तेव्हाच कामावर. असली नोकरी ठेवावी की सोडायला लावावी?

बेळगावच्या आसपास हा प्रश्न किती घरांत आहे, ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरलं की पोलिसांच्या सुट्ट्या बंद होतात. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माची यात्रा, म्हणजे बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांना जादा फेऱ्या. साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात असतो आणि तिथे पाळ्या चोवीस तास चालतात. पलटणीत असलेल्या जवानांच्या घरी तर हा प्रश्न विचारायचंच सोडून दिलेलं असतं. आणि खानापूर तालुक्यातल्या पश्चिमेच्या गावांत याचं उत्तर एका शब्दात मिळतं: गोवा. घाटाखाली हॉटेलांचा सीझन सुरू झाला की वरची घरं रिकामी होतात.

अशाच एका घरातली ही गोष्ट. तिच्या संमतीने लिहिते आहे. नावं देत नाही, ओळख पटेल अशा खुणाही बदलल्या आहेत.

ती आली तेव्हा डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. जांबोटी रस्त्यावरच्या एका गावातून सकाळची बस धरून आलेली. वय तिशीच्या आत-बाहेर. घरी शिवणकाम, थोडी भातशेती, सासू आणि नऊ वर्षांची मुलगी. नवरा कळंगुटकडच्या एका हॉटेलात कुक. भाताची मळणी नुकतीच उरकली होती, हातांवर अजून त्याचे ओरखडे होते. बसली आणि म्हणाली, "मी सांगून सांगून दमलो वो मॅडम. यंदा त्यांनी नोकरी सोडली नाही तर मी पोरीला घेऊन माहेरी जातो." (आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी आलो' असंच बोलतात. तिचे शब्द बदलत नाही.)

तिचं म्हणणं सरळ होतं. मुलगी कॉन्व्हेंटमध्ये आहे. सरकारी शाळांना मोठ्या सुट्ट्या दोनच, दसऱ्याची आणि उन्हाळ्याची. नाताळची सुट्टी मिळते ती मिशनच्या शाळांना. त्यामुळे चोवीस तारखेपासून पोरगी घरी. त्याच आठवड्यात पुण्याहून मोठे भावजी, जाऊ आणि त्यांची मुलं येतात, कारण भावजींच्या चाकणच्या कंपनीत वर्षाअखेरीला प्लँट बंद ठेवून देखभालीची कामं करतात. घर भरून जातं. अंगणात शेकोटी, हुरडा, रात्री उशिरापर्यंत गप्पा. आणि या सगळ्यात हिचा नवरा नाही. गेल्या वर्षी नाताळच्या दिवशी तो येणार म्हणून मुलगी स्वेटर घालून शेवटच्या बसपर्यंत फाट्यावर उभी राहिली. बस आली, तो आला नाही.

यंदा भावजींनी एक तोड काढली होती. बेळगावच्या उद्यमबागमधल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये जागा होती. पगार महिना चौदा हजार, संध्याकाळी घरी. "सगळे जमलेत तेव्हा बसून ठरवून टाकूया," असा निरोप पुण्याहून आला होता. तिला माझ्याकडून एवढंच हवं होतं, की मी "होय, सोडायला लावा" म्हणावं.

पहिला पाऊण तास मी चुकीच्या वाटेने गेले. कळंगुटचा पगार किती, इकडचा किती, प्रवास किती, असं तोलत बसले. ती उत्तरं देत होती, पण मन त्यात नव्हतं. मग मी सहज विचारलं, "गेल्या वर्षी ते येणार असं नक्की कुणी सांगितलं होतं?"

ती थांबली. म्हणाली, "ते बघतो म्हणाले होते."

पुढच्या अर्ध्या तासात हा शब्द तिने किती वेळा उच्चारला असेल! गणपतीला येणार का? बघतो. दिवाळीला? बघतो. पोरीच्या स्नेहसंमेलनाला? बघतो की. आपल्या भाषेत हा शब्द फार सोयीचा आहे. बोलणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असतो, पण समोरच्याचं मन दुखवायचं नसतं म्हणून तो वापरतो. ऐकणारी बाई त्याचा अर्थ 'कदाचित' घेते. आणि नऊ वर्षांचं पोर त्याचा अर्थ 'होय' घेतं आणि फाट्यावर जाऊन उभं राहतं. त्या घरात हे 'बघतो' तीन-चार वर्षं चाललं होतं. माझं मत तिथेच बनलं, की या घराला नोकरीपेक्षा या शब्दाचा त्रास जास्त आहे. पण ते मी लगेच बोलले नाही. नवऱ्याचं ऐकल्याशिवाय असं काही ठरवणं अन्यायाचं झालं असतं.

त्याच्याशी बोलायचं कधी? सीझनमध्ये त्याची ब्रेक शिफ्ट असायची: सकाळी दहा ते तीन, मग संध्याकाळी सहापासून रात्री स्वयंपाकघर बंद होईपर्यंत. मधल्या वेळात स्टाफ रूमवर तो झोपायचा. ती झोप मोडून दोन दिवसांनी साडेतीन वाजता तो माझ्याशी फोनवर बोलला. आधी सगळी उत्तरं "होय मॅडम", "नाही मॅडम". मग मी विचारलं, की तुम्ही घरी जाता तेव्हा कसं असतं?

तो जे बोलला ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं. "मॅडम, मला सुट्टी मिळते जानेवारीत, पर्यटक उतरल्यावर. मी पोचतो तेव्हा दादा गेलेला असतो. पोरगी शाळेत. ही मशीनवर, लग्नसराईचे ब्लाऊज असतात. आई म्हणते, आलास होय, बरं झालं, गवताची गंजी रचायची आहे. डिसेंबरात दादासाठी कोंबडं कापतात. माझ्यासाठी आमटी-भात. मी तक्रार करत नाही, पण मी येतो तेव्हा कुणाचीच सुट्टी नसते."

म्हणजे ती म्हणते, तो येत नाही. तो म्हणतो, मी येतो तेव्हा माझी वाट कुणी बघत नाही. दोघंही खरं बोलत होते. त्या घरात सुट्टीचं पंचांग पुण्याच्या कंपनीने आणि कॉन्व्हेंटने ठरवलं होतं. महिन्याचा मोठा पैसा ज्याच्याकडून येत होता, त्याच्या सुट्टीला त्या पंचांगात जागाच नव्हती.

सुट्टीबद्दल त्याला आणखी विचारलं, तेव्हा कळलं की सीझनमध्ये बुडालेल्या आठवडा-सुट्ट्या त्याच्या हॉटेलात साठवून नंतर जोडून घेता येतात, पण अर्ज नोव्हेंबरात द्यावा लागतो. त्याने कधीच दिला नव्हता. का? "मागितलं आणि नाही म्हणाले तर घरी काय सांगू?" मालकासमोरही त्याचं तेच चाललं होतं.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली नोकरीबद्दल. या पंधरवड्यात नोकरीचा निर्णय घ्यायचा नाही, सोडायचाही नाही आणि ठेवायचाही नाही. इथे मी ठाम राहिले. नवरा तिकडे रोज बारा-बारा तास उभा आहे, थकलेला आहे; अशा वेळी माणूस रागाने 'सोडतो' म्हणतो किंवा भीतीने 'सोडणार नाही' म्हणतो. इकडे घर माणसांनी भरलेलं आहे, त्यात त्याची रिकामी जागा दुप्पट टोचते. आणि बैठकीत बोलणार कोण? ज्यांची गाडी दोन तारखेला कोल्हापूरच्या दिशेने निघणार आहे ते. भावजींचा हेतू चांगला होता, त्याबद्दल मला शंका नव्हती. पण पावसाळ्यात कमी पडलेला ट्रॅक्टरचा हप्ता त्यांना भरायचा नव्हता. चौदा हजारांत महिना ढकलायचा होता तो या दोघांना.

मी सुचवलं, की हा विषय जूनमध्ये घ्या. पाऊस लागला की किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे तात्पुरती हॉटेलं, काढून टाकलेले असतात, हॉटेलं अर्धी रिकामी असतात, त्याला सलग सुट्टी मिळते. तोवर एका वहीत बारा महिन्यांचा हिशेब लिहा. फक्त पगार नको. सीझनची टिप, पावसाळ्यातला अर्धा पगार, तिकडे राहण्या-जेवणाचा वाचलेला खर्च, इकडे शेतीला लावलेल्या गड्याची मजुरी, शिवणाचे पैसे, ट्रॅक्टरचा हप्ता, सगळं. एका महिन्याकडे बघून हॉटेलची नोकरी कळत नाही. डिसेंबरात ती फार चांगली दिसते आणि जुलैमध्ये फार वाईट.

दुसरी गोष्ट 'बघतो'बद्दल. पुढे हा शब्द घरात चालवायचा नाही असं दोघांनी ठरवावं. येणार नसेल तर "येत नाही" म्हणायचं, आणि त्याच दमात कधी येणार ती तारीख सांगायची. तारीख सांगता येत नसेल तर तारीख कधी कळेल तो दिवस सांगायचा. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण त्याला ते नोकरी सोडण्याहून अवघड गेलं असावं. फोनवर मुलीला "पंचवीसला मी येत नाही" असं म्हणायला त्याला चार दिवस लागले. मुलगी रडली. अर्ध्या तासाने खेळायला गेली. आईने मला सांगितलं, की गेल्या वर्षी ती बस गेल्यानंतर तीन दिवस नीट जेवली नव्हती.

बैठक थांबवणं सोपं गेलं नाही. थोरल्या दिरासमोर ही काय बोलणार? ते नवऱ्यानेच करायला हवं होतं. सव्वीसच्या रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर त्याने भावाला फोन केला, "दादा, जूनपर्यंत हा विषय नको. जूनमध्ये मी स्वतः पुण्याला येऊन तुझ्याशी बोलतो." सासूबाई रागावल्या. सगळी जमलीत तेव्हा नाही तर कधी बोलायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पिढीत असंच चालायचं आणि तेव्हा सगळी एकाच घरात राहायची, त्यामुळे ते बरोबरही होतं. भावजी दोन दिवस गप्प होते. मग म्हणे त्यांनीच आईला समजावलं.

एक गोष्ट मी सुचवलेली नव्हती, ती तिने स्वतः केली. अठ्ठावीस तारखेला पोरीला घेऊन ती पहाटे निघाली. कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी, डिचोली करत म्हापशाला पोचली. त्याला कळंगुटहून म्हापसा जवळ. दुपारच्या ब्रेकमध्ये तो आला, दीड तास मिळाला. बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात तिघं जेवली. घाटात मुलीला ओकारी झाली होती, येताना परत झाली, रात्री घरी पोचायला दहा वाजले. एवढ्या हालअपेष्टा दीड तासासाठी कशाला, असं सासूने विचारलंच. मी मात्र तिच्या तोंडाकडे बघत होते. "पोरीने त्यांचा कोट बघितला मॅडम," ती म्हणाली. "कुकचा पांढरा. ब्रेकमध्ये बदलायला वेळ नव्हता, तसेच आलते." बाप नेमका काय काम करतो, हे त्या मुलीने तोवर पाहिलंच नव्हतं.

या वेळी त्याने साठलेल्या सुट्ट्यांचा अर्ज दिला होता, उशिराने का होईना. जानेवारीत संक्रांतीच्या आधी पाच दिवस मिळाले. त्या पाच दिवसांत हिने ब्लाऊज घेतले नाहीत. मुलीची एक दिवस शाळा बुडवली. मुद्दाम बुडवली आणि बाईंना खरं कारण लिहून कळवलं. कोंबडं कापलं. गवताची गंजी तशीच राहिली; सासूबाईंनी पुढच्या आठवड्यात मजूर लावून रचून घेतली. ते पैसे वहीत लिहिले आहेत, मी पाहिले.

जूनमध्ये दोघं मिळून माझ्याकडे आली. पाऊस धो-धो, छत्र्या दाराशी ठेवून वही घेऊन बसली. हिशेबात निघालं ते त्यांच्याही अंदाजापेक्षा वेगळं होतं. कँटीनच्या चौदा हजारांत घर चाललं असतं, पण ट्रॅक्टरचा हप्ता निघाला नसता. हप्ता संपायला दोन सीझन बाकी होते. नवरा काहीच बोलेना. मीही गप्प राहिले, कारण हा निर्णय माझा नव्हता. शेवटी तीच म्हणाली, "दोन सीझन करूया. मग ट्रॅक्टर आपला. मग वर येऊन भाड्याने फिरवा, नाही तर खानापुरात नाष्ट्याचं काहीतरी बघूया." नोकरी सोडायला लावा म्हणून आलेली बाई ती हीच. हे बरोबर ठरेल का, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन सीझन हा मुलीच्या वयात मोठा काळ आहे आणि ते मी त्यांना तिथेच सांगितलं. तिने मान डोलावली आणि वहीच्या मागच्या पानावर ते वर्ष लिहून खाली रेघ मारली. जाताना त्याने विचारलं, पुण्याला दादाकडे काय सांगू? मी म्हटलं, हीच वही घेऊन जा.

गेल्या डिसेंबरात वीस तारखेच्या सुमारास तिचा फोन आला. पुण्याची मंडळी येणार म्हणून अंगण सारवत होती, मागे सासूचा आवाज येत होता. मी विचारलं, यंदा काय ठरलं?

"येत नाही म्हणाले. नऊ जानेवारीला सकाळच्या बसला येतो म्हणाले." मग जरा थांबून, "बघतो म्हणाले नाहीत वो मॅडम."