पडद्यावरचा क्रॉस आणि दुर्बिणीतली चरबी

प्रिय डॉक्टर,

सायनसच्या शस्त्रक्रियेत हत्याराचं टोक कुठे आहे ते पडद्यावर क्रॉसने दाखवणारं नॅव्हिगेशनचं नवं यंत्र तुझ्याकडे आल्याचं वाचलं. तुझा उत्साह समजतो. पण यंत्राआधी थोडं श्लेष्म्याबद्दल.

जुन्या कॉल्डवेल-लुक शस्त्रक्रियेत वरच्या ओठाखालून गालाच्या सायनसमध्ये, म्हणजे हाडातल्या पोकळीत, शिरायचे, अस्तर खरवडून काढायचे आणि नाकात खालच्या बाजूला नवी खिडकी पाडायचे. हिशेब सरळ होता, पाणी उताराकडे जातं. श्लेष्मा जात नाही! ऑस्ट्रियात ग्राझला मेसरक्लिंगर यांनी दाखवून दिलं, की अस्तरावरचे सूक्ष्म केस त्याला वरच्या मूळ छिद्राकडेच ढकलत राहतात. खालची खिडकी सताड उघडी असली तरी. मग दुखणं बहुतेकदा छिद्रापाशीच, इथमॉइडच्या, म्हणजे नाक आणि डोळ्यामधल्या हाडाच्या, अरुंद फटींत. तेवढी वाट मोकळी केली, की मोठा सायनस बऱ्याचदा आपला आपण सावरतो. 1985 मध्ये सर्जन केनेडींनी या शस्त्रक्रियेसाठी 'फंक्शनल' (नैसर्गिक कार्य जपणारी) हा शब्द रूढ केला तो यासाठीच.

हे सगळं नीट दिसू लागलं ते हॉपकिन्स या भौतिकशास्त्रज्ञामुळे. नाकात घालायच्या दुर्बिणीच्या नळीतल्या भिंगांमधली हवेची जागा त्यांनी काचेच्या कांड्यांनी भरली आणि अंधुक चित्र लख्ख झालं. मायक्रोडिब्रायडर (ऊती ओढून घेऊन कापणारं फिरतं पातं), छिद्र रुंदावणारा बलून वगैरे त्यानंतरचं.

आता तुझं यंत्र. त्याची चूक साधारण 2 मिलिमीटरच्या आत धरतात. ऐकायला बरं वाटतं. पण घ्राणखळग्याच्या (नाकाच्या छतातल्या, वासाच्या नसांच्या खोलगट जागेच्या) बाजूचं हाड मिलिमीटरच्या अंशाइतकंच जाड असतं, आणि त्यापलीकडे मेंदू. एकदा पडद्यावरचा क्रॉस मला 'सायनसमध्येच आहेस' सांगत होता आणि दुर्बिणीत पिवळी चरबी दिसत होती. रुग्णाच्या डोक्यावरचा, यंत्र ज्यावरून जागा मोजतं तो पट्टा सरकला होता. मी थांबलो, सहायकाला मिटलेला डोळा हलकेच दाबायला सांगितलं. चरबी हलली. म्हणजे डोळ्याची खोबण उघडी पडली होती. तिथे डिब्रायडर चालू असता तर डोळा हलवणारा आतला स्नायू क्षणात ओढला गेला असता. म्हणून डोळे कधीही कापडाखाली झाकू नकोस.

पुढच्या शस्त्रक्रियेआधी सीटीचे कोरोनल (चेहऱ्याला समांतर उभे) काप घेऊन बस. पुढची इथमॉइड धमनी कुठे आहे, मागे ओनोडी पेशी (दृष्टीच्या नसेलगत पसरलेली इथमॉइडची हवेची पोकळी) आहे का, ते पेन्सिलीने काढ. केरॉस यांच्या वर्गीकरणाप्रमाणे घ्राणखळग्याची खोली 1 ते 16 मिलिमीटर कितीही असू शकते. दोन्ही बाजूंची मोजून मला कळव. सारखीच असेल असं धरून चालू नकोस.

तुझा,
सर