टँकमधला उजेड किती ठेवायचा?

प्रश्न : सर, माझा दोन फुटी रीफ टँक (खाऱ्या पाण्यात कोरल, म्हणजे प्रवाळ, ठेवायची काचेची टाकी) आहे, पाणी साधारण 60 लिटर. पाण्यापासून 15 सेंमी वर एलईडी लाइट टांगलाय. त्यात मशरूम, झोआ आणि एक लेदर अशी तीन जातींची कोरल आहेत. दुकानदार म्हणाला, "कोरलला ऊनच लागतंय, फुल्ल ठेवा." म्हणून पांढरा-निळा दोन्ही 100 टक्के, रोज 12 तास लावतो. आता मशरूम आक्रसलेत, झोआंचा रंग उडालाय आणि लेदर चार दिवस मिटूनच आहे. पार मीटर (कोरलवर पडणारा उजेड मोजायचं यंत्र) घेणं परवडत नाही. मोबाइलवरच्या लक्स अ‍ॅपनं भागेल का?
— एक वाचक, रंकाळा परिसर

उत्तर : आज संध्याकाळीच पांढरा 10 टक्क्यांवर आणि निळा 40 वर आणा. वेळ 8 तास. बाकीचं नंतर वाचा.

आपल्याकडं काही घेतलं की पुरतं ताणून बघायची खोड आहे, गाडी असो नाहीतर लाइट. पण टक्के सांगतात ते लाइट किती जोरात चाललाय एवढंच. कोरलच्या अंगावर किती पडतं, ते उंची, भिंगं आणि पाण्याची खोली ठरवते. ते मोजायचं माप म्हणजे पार (PAR), शैवाल-वनस्पतींना अन्न बनवायला वापरता येतो तेवढा उजेड. भर दुपारच्या कडक उन्हात गच्चीवर हा आकडा 2000 च्या आसपास जातो. तुमच्या मशरूमना 50 ते 100 पुष्कळ, झोआ आणि लेदरला 80 ते 150. दुकानदाराचं ऊन खरं, पण तुमच्या टँकमधल्या मंडळींना सावलीतलं पुरतं.

कोरलच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि कोरलचं बरंचसं अन्न तेच बनवतं. उजेड झेपेनासा झाला की या शैवालात घातक ऑक्सिजन संयुगं साचतात, मग कोरल शैवालच बाहेर टाकतं. रंग उडतो तो असा. पाणी 30 अंशांच्या वर गेलं तर हेच आणखी लवकर होतं. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत लाइट दुपारी 12 ला नको, 3 ला सुरू करून रात्री 11 ला बंद करा. नोकरीवरून आल्यावर तुम्हालाही टँक बघायला मिळेल.

अ‍ॅपचं सांगतो. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळं इथं थोडं लांबण लागणार. लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठी बेतलेलं माप. डोळा सगळ्यात तिखट हिरव्याला, 555 नॅनोमीटरपाशी. रीफ लाइटचा निळा असतो 450 च्या आसपास आणि तिथं डोळ्याची संवेदना जेमतेम 4 टक्के उरते. शैवालाला मात्र तोच निळा हवा असतो. म्हणजे निळ्या उजेडात अ‍ॅप किरकोळ आकडा दाखवील आणि कोरल तिकडं भाजत असेल. अ‍ॅपचा उपयोग एकच : रंगांची सेटिंग न हलवता मधल्या जागेची कोपऱ्याशी तुलना करायला.

मीटर नसला तरी उंची हातात आहे. कोरल पाण्याखाली 25 सेंमी असेल तर लाइटपासून अंतर झालं 40. लाइट आणखी 15 सेंमी वर घ्या, अंतर 55. 40 भागिले 55, त्याचा वर्ग करा : 0.53. म्हणजे उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. काचांवरून परावर्तन होऊन थोडा परत मिळतो, म्हणून हे अंदाजानंच घ्यायचं. उंचीनं उजेड पसरतोही सारखा, मधोमध झळ बसत नाही.

पुढचं कोरलच सांगतात. झोआंचे देठ लांबून माना वर काढू लागले, मशरूम पापडासारखे पसरून तपकिरी पडले, तर उजेड कमी पडतोय. देठ आखडून दगडाला चिकटले, मशरूमच्या कडा आत वळल्या, तर जास्त होतोय. दोन आठवडे काही हलवू नका, मग गरज वाटली तर निळा 5 टक्क्यांनी वाढवा. त्याच आठवड्यात सॉल्टचा (टँकच्या पाण्यात घालायच्या समुद्री मिठाचा) ब्रँड बदलू नका, नाहीतर कशानं काय झालं कळायचं नाही. झोआंचा दगड हलवताना हातमोजे घाला, काही झोआंत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं.

लेदरची काळजी मला कमी वाटते. अंगावर मेणचट, चकचकीत पापुद्रा दिसतोय का बघा. ते अधूनमधून कात टाकतं आणि तेवढे दिवस मिटून बसतं. वेव्हमेकरचा (पाणी हलतं ठेवणाऱ्या पंपाचा) झोत जरा त्याच्या अंगावरून जाऊ द्या, पापुद्रा सुटेल.

प्रश्न : मालवणला गेल्यावर एखादं कोरल बादलीतून आणलं तर चालेल का?

उत्तर : नाही. दगडी कोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जिवंत असो की किनाऱ्यावर वाळलेलं, उचलायचं नाही. दुकानात कुणी दगडी कोरल दाखवलं तरी हात आवरा.

प्रश्न : वीज तीन-चार तास गेली तर कोरलचं काय?

उत्तर : लाइट गेल्यानं काही बिघडत नाही, ढगाळ दिवस समजा. पंप बंद पडून पाणी थांबलं की प्राणवायू घटतो, धोका तो. बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा आणि सेल मधूनमधून तपासा.