किरुनाची नोकरी घेऊ का? चंद्रपूरच्या एका इंजिनिअरला उत्तर

नमस्कार. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. उत्तर स्वीडनमधल्या लोखंडाच्या खाणीच्या शहरात, किरुनात, रशियाच्या नोरिल्स्कसारखं प्रदूषण आहे का, शहराखालची जमीन खचतेय हे खरं का, आणि 'ग्रीन स्टील'च्या, म्हणजे कोळशाशिवाय बनवलेल्या पोलादाच्या, भरवशावर बायको आणि तीन वर्षांच्या मुलीला घेऊन इकडे यावं का. मी एका कंत्राटदार कंपनीत खाणीतून उपसलेल्या पाण्याचं काम बघते, आमचा मुलगा इथल्याच बालवाडीत वाढला. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

नोरिल्स्क आधी डोक्यातून काढा. तिथलं निकेल-तांब्याचं खनिज गंधकयुक्त आहे आणि ते शहरालाच खेटून वितळवतात, म्हणून तिथे सल्फर डायऑक्साइडचा एवढा मारा. २९ मे २०२० ला तिथे टाकी फुटून जवळपास २१,००० टन डिझेल सांडलं. बर्फाने गोठलेली जमीन सैल पडून टाकीचा पाया खचला, असं कंपनीचं म्हणणं होतं. किरुनाचं खनिज म्हणजे मॅग्नेटाइट, लोखंडाचं ऑक्साइड. इथे ते बारीक करून, भाजून त्याच्या गोळ्या (पेलेट) बनवतात आणि रेल्वेने नॉर्वेतल्या नार्विक किंवा स्वीडनमधल्या लुलिओ बंदराकडे पाठवतात. धुराडी आहेत, त्यातून धूर निघतो, पण नोरिल्स्कशी तुलना होऊच शकत नाही. शिवाय कायम गोठलेली जमीन इकडे उंच डोंगरांवर आहे, शहराखाली नाही.

धुळीचं म्हणाल तर ती वर्षभर नसते. एप्रिलमध्ये बर्फ वितळतं, हिवाळाभर रस्त्यांवर टाकलेली खडी उघडी पडते, आणि गाड्यांचे खिळेवाले टायर डांबर खरवडत असतात. ते दोनतीन आठवडे खिडकीच्या पट्टीवर बोट फिरवलं तर राखाडी लागतं. रस्ता झाडणारी गाडी येऊन गेली की संपलं. चंद्रपूरच्या माणसाला हे प्रदूषण वाटायचंच नाही, उलट लोक तक्रार कशाची करतायत असं वाटेल. दमा वगैरे असेल तर मात्र ते आठवडे जपा.

पाण्याबद्दल मला जास्त माहिती. सुरुंगाच्या दारूतला नायट्रोजन खाणीच्या पाण्यात उतरतो. ते पाणी गाळ बसवायच्या तळ्यांत जातं, बरंचसं प्रक्रियेला परत वापरलं जातं, उरलेलं सोडलं जातं, आणि ते शेवटी कालिक्स नदीच्या खोऱ्यात पोचतं. या नदीवर धरणं बांधायला कायद्याने बंदी आहे आणि ती युरोपीय संरक्षित क्षेत्रात येते, त्यामुळे परवान्यातल्या अटींवरून वर्षानुवर्षं वाद चालतात. आमच्या ऑफिसात निम्मा वेळ नमुने घेण्यात आणि निम्मा त्यांचे अहवाल लिहिण्यात जातो. कंटाळवाणं आहे, पण अहवाल मागितला तर कोणालाही मिळतो, यावर माझा भरवसा आहे. नळाचं पाणी आम्ही तसंच पितो.

आता जमीन. तुम्ही कोळशातले आहात, गोफ (माल काढल्यावर उरलेली पोकळी) आणि सँड स्टोइंग (ती वाळूने भरणं) तुम्हाला समजावायला नको. इथे पोकळी भरतच नाहीत. खनिजाचा पट्टा साधारण ६० अंशांत तिरपा होऊन शहराच्या खाली शिरलाय. खालून सुरुंग लावून माल काढायचा आणि वरचा खडक त्या जागी कोसळू द्यायचा, अशी सब-लेव्हल केव्हिंगची पद्धत आहे. मुख्य वाहतूक आता १,३६५ मीटर पातळीवरून चालते. जितकं खोल जाल तितकी वरची भेग शहराकडे सरकणार. २००४ मध्ये खाण चालवणाऱ्या, सरकारी मालकीच्या एलकेएबी कंपनीने नगरपालिकेला कळवलं की शहर हलवावं लागेल. मग सगळं टप्प्याटप्प्याने झालं. २०१८ मध्ये नगरपालिकेची नवी इमारत, २०२२ मध्ये साधारण ३ किलोमीटर पूर्वेला नवा बाजारपेठेचा भाग, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये १९१२ सालचं लाकडी चर्च, ६७२ टनांचं, अख्खंच्या अख्खं उचलून ५ किलोमीटर दूर. जगभरचे कॅमेरे त्यासाठी आले. त्याच महिन्यात कंपनीने सांगितलं की आणखी सुमारे ६,००० लोकांना घरं सोडावी लागणार आहेत. तेव्हा एकही कॅमेरा नव्हता. शहर आहे १८,००० च्या आसपास वस्तीचं, यावरून अंदाज घ्या.

चंद्रपूरजवळच्या घुग्घुसला ऑगस्ट २०२२ मध्ये एक घर जमिनीत गेलं आणि शेजारच्या कुटुंबांना घाईघाईने हलवावं लागलं, ते तुम्हाला आठवत असेल. तसं इथे होऊ नये म्हणून जमिनीची हालचाल मिलिमीटरमध्ये मोजतात, भेग पोचायच्या कितीतरी वर्षं आधी इमारती पाडतात, तिथे बाग करतात, आणि मग बागेभोवतीचं कुंपण पुढे सरकत राहतं. जिवाला धोका असा नाही. मनाला त्रास आहे. घरमालकाला बाजारभावावर २५ टक्के जास्त किंवा बदली घर मिळतं. भाडेकरू नव्या इमारतीत जातो आणि त्याचं भाडं वाढतं. तुम्ही भाडेकरूच असणार. म्हणून घर बघताना नगरपालिकेच्या नकाशावर तो पत्ता आधी शोधा, आणि पाडापाडीच्या पट्ट्यात असेल तर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या. नाहीतर मुलगी शाळेत रुळली की परत सामान बांधायचं. नवा भाग खोलगट आहे, थंड हवा तिथे साचते, जुने लोक यावरून अजून कुरकुरतात. त्यांचं खरं आहे.

रात्री दीडच्या सुमारास सुरुंग उडतात. कपाटातले स्टीलचे डबे किणकिणतात, पहिले काही दिवस झोपमोड होते, पुढे होत नाही. १८ मे २०२० च्या पहाटे मात्र खाणीमुळे ४.९ तीव्रतेचा धक्का बसला होता. कोणी दगावलं नाही, पण खाणीचा काही भाग बराच काळ बंद राहिला. तुमचं काम जमिनीखाली असेल तर धक्क्यानंतर आत कधी सोडतात, आश्रय-कक्ष कुठे आहेत, हे मुलाखतीतच विचारा. विचारलेलं त्यांना आवडतं.

ग्रीन स्टील थोतांड नाही. कोळशाऐवजी हायड्रोजनने लोखंड वेगळं करायचं, एवढीच मूळ कल्पना. एलकेएबी, पोलाद बनवणारी एसएसएबी आणि वीज कंपनी वाटेनफाल यांच्या 'हायब्रिट' प्रकल्पाने लुलिओत ते करून दाखवलं आणि २०२१ मध्ये पहिलं पोलाद ग्राहकाला दिलंसुद्धा. एकट्या एसएसएबीचा वाटा स्वीडनच्या कार्बन उत्सर्जनात दहाएक टक्के आहे, तेव्हा फायदाही मोठा. पण पैशांची गणितं लांबत चालली आहेत, आणि लुलिओच्या नव्या कारखान्याची तारीख २०२९ वर गेली. शेलेफ्तिओचा नॉर्थव्होल्टचा बॅटरी कारखाना मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत निघाला. तिथे आपल्याकडची बरीच मुलं होती. साध्या वर्क परमिटवर नोकरी गेली की दुसरी शोधायला साधारण ३ महिने मिळतात, आणि त्या वेळी सगळेच एकदम नोकऱ्या शोधत होते. म्हणून माझा सल्ला असा, की 'ग्रीन' विभागातली चकचकीत जागा आणि खाणीतल्या देखभालीची जागा अशी निवड असेल तर डोळे झाकून देखभाल घ्या. दगड काढणं थांबत नाही.

'ग्रीन' म्हणताना इथल्या मूळनिवासी सामी लोकांचंही ऐकून घ्या. जानेवारी २०२३ मध्ये किरुनाजवळच्या पेर येयरच्या साठ्यात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांची (रेअर अर्थ) १० लाख टनांहून जास्त ऑक्साइड असल्याचं जाहीर झालं, युरोपभर आनंद झाला. तो साठा गाब्ना या सामी गटाच्या रेनडिअरच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. खाण आणि शहर यांच्यामध्ये जी चिंचोळी वाट उरलीय तीही गेली तर हिवाळ्याच्या चराईला कळप न्यायचे कुठून, हा त्यांचा प्रश्न आहे. आपण दोघंही त्या खाणीवरच पोट भरणार, तेव्हा मी यावर फार मोठ्या आवाजात बोलत नाही. पण कॅन्टीनमध्ये त्यांच्याबद्दल होणारे विनोद ऐकून हसू नका.

कुटुंबासाठी आणखी एक. किरुनात प्रसूतिगृह नाही, बाळंतपणाला येलिवारेला जावं लागतं, १२० किलोमीटर. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर हे बायकोशी आत्ताच बोला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून नवीन वर्ष लागेपर्यंत सूर्य उगवत नाही, तेव्हा मुलीला ड जीवनसत्त्वाचे थेंब सुरू ठेवा. आणि नोव्हेंबरमध्ये येऊ नका. ऑगस्टमध्ये या, म्हणजे अंधार पडायच्या आत तिची बालवाडीत ओळख होईल. जाड कपडे नागपुरात घेऊ नका, इथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानात चांगले मिळतात.